विधवेचा बुधला

प्रार्थनागृहात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. बाकांवर माणसं, बाकांच्या मधे माणसं, पियानोच्या एका स्टुलावर दोघीजणी. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावर. तिथे काळ्या मखमलीवर टीचभर उंचीचा मातीचा बुधला होता आणि त्याला खेटून मेणबत्त्या लावल्या होत्या. मागे पांढऱ्या कोटातले पाहुणे उपदेशक. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्याची खात्रीच पटावी.

“हाच तो!” उपदेशक गरजले. “दुष्काळातल्या त्या विधवेचा! संदेष्ट्याचा शब्द झाला आणि तेल आटलं नाही. तीन हजार वर्षं वाळूत पुरला, तरी आटलं नाही! या, आत डोकावून बघा. कोरडा आहे की नाही?”

पुढच्या रांगेनं डोकावलं. कोरडा ठणठणीत.

“आता प्रार्थना करा. शंका असेल तर ती दाराबाहेर ठेवा, छत्रीसारखी!”

गाणं झालं, हुंदके झाले, आणि बुधल्याच्या पोटावर एक थेंब चमकला. मग दुसरा. मग बारीकशी धारच लागली. एक बाई किंचाळून खाली बसली. लोक कापूस, रुमाल, बाटल्यांची बुचं घेऊन धावले. उपदेशक प्रत्येकाच्या कपाळाला, गुडघ्याला, डोळ्यांना बोट लावत सुटले.

ज्यांच्या खापरपणज्यांनी “संतांची हाडं आणि चिंध्या कसल्या पुजता?” म्हणून भांडून वेगळी मंडळी काढली, ती माणसं आता एका मडक्याला गाल घासत होती. तिसऱ्या रांगेत बसलेल्या खापरसरांना याचंच हसू येत होतं. पण त्या धावणाऱ्यांत स्वतःची थोरली बहीण दिसली, आणि त्यांचं हसू विरलं.

खापरसर हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. धर्मशास्त्राचे प्राध्यापक, शास्त्रातल्या जुन्या नगरांचे संशोधक. उभं तारुण्य त्यांनी उन्हात मातीचे ढिगारे उपसण्यात आणि फुटकी मडकी जोडण्यात घालवलं. देवावर त्यांचा विश्वास होता. देवाच्या नावानं कुणी काहीही सांगावं, यावर नव्हता. एकदा याच व्यासपीठावर त्यांना कुणीतरी कौतुकानं विचारलं होतं, “सर, शास्त्रातली ती कर्ण्यांच्या आवाजानं कोसळलेली तटबंदी सापडली का हो?”

“सापडली की,” सर म्हणाले होते. “पण आपल्या गोष्टीच्या कित्येक पिढ्या आधीच ती कोसळली होती.”

त्यानंतर त्यांना उपदेशाला कुणी बोलावलं नाही.

घरी ताई शिलाईयंत्रापाशी बसल्या होत्या. सुईत दोरा ओवायचा खटाटोप चालला होता आणि दोरा भलतीकडेच जात होता.

“ताई, तुझी औषधाची बाटली कुठाय?”

“दिली फेकून.”

“मग डोळ्यांत काय घालतेस?”

“ते तेल. आणि तोंड वाकडं करू नकोस, एवढं दिसतंय मला अजून.”

“अगं, काचबिंदू आहे तो. डोळ्यातला दाब त्या थेंबांनीच आवरतो. एकदा गेलेली नजर परत येत नाही.”

“डॉक्टरही तेच म्हणतो. वर म्हणतो, मरेपर्यंत घाला. उपदेशक म्हणतात, एकदाच विश्वास ठेवा. आता तूच सांग, मी कुणाचं ऐकू?”

सर तोंड उघडणार, तोच ताईंनी पुढचं सुरू केलं.

“तू शिकावास म्हणून मी जगभराच्या सदऱ्यांची काजं केली. आणि तू शिकून येऊन काय सांगितलंस? तर म्हणे, तटबंदी नव्हतीच!”

“होती गं ताई. आधीच पडली होती.”

“तेच ते!”

दोघंही हसली. मग ताईंनी दोरा खाली ठेवला. “खोटं आहे म्हणतोस ना? मग माझ्या कानात कुजबुजू नकोस. चारचौघांत दाखव. दाखवलंस, तर मुकाट्यानं औषध घालीन. नाही जमलं, तर पुन्हा माझ्या डोळ्यांचं नाव काढायचं नाही.”

पुढच्या सभेला सर सरळ व्यासपीठावर चढले. मंडळीचे पाळक दचकले. उपदेशकांचा चेहरा मात्र खुलला. एवढा मोठा संशोधक, गुडघ्यांवर!

“बघा, विद्वत्ताही शेवटी इथेच झुकते! बुधल्याचं चुंबन घ्यायचंय ना, सर? घ्या, घ्या!”

सरांनी चष्मा सारखा केला, वाकले, आणि बुधला चक्क चाटला.

सभेत खसखस पिकली. “म्हातारा चळला,” मागून कुणीतरी म्हणालं. सरांनी शांतपणे खिशातून एक खापराचा तुकडा काढला. पहिल्या खोदकामात टाकून दिलेला हा तुकडा, बाकीचे लोक किल्ल्या बाळगतात तसा, ते जवळ बाळगत. त्यांनी तो जिभेला लावला आणि हात सोडला. तुकडा जिभेला लोंबकळत राहिला! धर्मशास्त्राचे प्राध्यापक जीभ बाहेर काढून, तिला खापर लटकवून, भर मंडळीसमोर उभे! आता ताईसुद्धा पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या.

सरांनी खापर सोडवलं. “आम्ही खणणारे असेच ओळखतो. भाजलेली कोरडी माती तहानलेली असते, ती जिभेला धरते. हा बुधला धरत नाही. म्हणजे याला तहान नाही. याच्या अंगावर पारदर्शक रोगण चढवलंय, आणि रोगणाला तीन हजार वर्षं झालेली नाहीत. चवीवरून विचाराल तर दारं-खिडक्यांना लावतात तेच!”

“ही अभिषेकाची चमक आहे!” उपदेशक ओरडले.

“असेल. मग एवढंच करू. मेणबत्त्या विझवू आणि प्रार्थना करू. देवाला उजेड लागत नाही.”

उपदेशक नाही म्हणू शकेनात. एवढ्या लोकांसमोर मेणबत्तीसाठी अडून बसायचं कसं? मेणबत्त्या विझल्या. प्रार्थना झाली, गाणं झालं, पुन्हा प्रार्थना झाली. लोकांचे गुडघे भरून आले. बुधला कोरडाच.

“अविश्वासी माणूस समोर उभा आहे ना!” उपदेशकांनी घाम पुसला. “अशा ठिकाणी कृपा कशी उतरेल?”

“बरोबर आहे,” म्हणून सर निघून गेले. दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. आत आता सगळेच विश्वासू. प्रार्थना आणखी जोरात झाली. बुधला ढिम्म.

मग पाळकांनीच दार उघडलं. सर आत आले. “आता मी, म्हणजे इथला सगळ्यात मोठा संशयी, याच्या शेजारी उभा राहतो. पाळकसाहेब, मेणबत्त्या लावा.”

मेणबत्त्या पेटल्या. कुणी प्रार्थना केली नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं बुधल्याच्या पोटावर एक थेंब चमकला.

थेंबाला विश्वास नको होता, अविश्वासाचं वावडंही नव्हतं. त्याला फक्त ऊब हवी होती.

ताई उठून पुढे आल्या. थेंब जिथून आला, तिथे त्यांनी बोटाचं टोक फिरवलं. “इथं ओरखडलंय रे,” त्या हळूच म्हणाल्या. “टाचणीनं.”

उपदेशकांनी बुधल्यावर झडप घातली, पण तो सरांनी आधीच उचलला होता. “पाळकसाहेब, परवानगी?” पाळकांनी मान हलवली. आणि आयुष्यभर फुटलेली मडकी जोडणाऱ्या त्या माणसानं पहिल्यांदाच एक धडधाकट मडकं व्यासपीठाच्या कडेवर आपटून फोडलं.

आत दुसरा बुधला होता. दोन भिंती, आणि मधल्या पोकळीत चरबी, मेण आणि अत्तर यांचा पिवळा गोळा. गार असला की घट्ट, ऊब लागली की पातळ. आत डोकावणाऱ्याला कोरडी भिंत दिसायची आणि बाहेर रोगणावरच्या ओरखड्यातून कृपा पाझरायची.

“चरबी!” एक आजोबा किंचाळले. “मी कानात घातली!”

पांढरा कोट मागच्या दारानं निघून गेला. तीन हजार वर्षं टिकलेल्या चमत्काराला मागचं दार बरोब्बर ठाऊक होतं.

“सर, आता तरी चार शब्द बोला,” पाळक खालमानेनं म्हणाले.

सर फारसं बोलले नाहीत. “ती विधवा खरी की गोष्टीतली, हे मला आजवर सापडलेलं नाही. सापडलं नाही की मी तसं सांगतो. तुम्हीही एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याची मेणबत्ती विझवून बघा. खरं असेल त्याचं काही बिघडणार नाही. आणि ज्यानं औषध सोडलं असेल त्यानं आज घरी जाऊन ते घ्यावं. ते प्रार्थनेच्या आड येत नाही.”

वाटेत औषधाच्या दुकानातून त्यांनी नवी बाटली घेतली. घरी ताई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. सरांचा हात थरथरत होता.

“मडकं फोडताना नव्हता थरथरत,” ताई म्हणाल्या.

“ते मडकं माझं नव्हतं.”

थेंब पडला. ताईंनी पापणी मिटली, मग उघडली. वाटेत डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की मधल्या काळात डाव्या डोळ्याच्या नजरेची एक कड कायमची गेलीय.

“जे गेलं ते?” तरीही त्यांनी विचारलं.

तेल लावणाऱ्यानं काहीतरी गोड उत्तर दिलं असतं.

“ते येणार नाही, ताई,” सर म्हणाले. “उरलंय ते राखू.”

ताईंनी दुसरा डोळा बोटांनी उघडून धरला. “घाल,” त्या म्हणाल्या.