माझा धीर काढला कोणी?

मी एक जुना पाण्याचा कंट्रोलर आहे, मित्रांनो. खांदा कॉलनीतल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, टाकीच्या कुशीत माझी डबी टांगलेली आहे. टाकी रिती झाली की खालचा पंप चालू करायचा, भरली की बंद करायचा, एवढंच माझं काम.

मला दोघांनी घडवलं. सुकापूरच्या दिनानाथ इलेक्ट्रिशियननी तारा जोडल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या देवेशने, तेव्हा तो खारघरच्या कॉलेजात होता, माझ्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरला. मी वस्तू की लिखाण, हे मलाच अजून कळलेलं नाही.

टाकी भरत आली की पाणी हिंदकळतं आणि त्यावर तरंगून मला पातळी सांगणारा गोळा नाचू लागतो. भरली, नाही भरली, भरली, नाही भरली. अशा वेळी जरा थांबून मगच ठरवायचं, हा धीर मला दोघांनीही दिला होता. दिनानाथांनी वीज क्षणभर धरून ठेवणारा शेंगदाण्याएवढा कपॅसिटर लावून, देवेशने चार ओळी लिहून. नऊ वर्षं माझी तक्रार नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरी कुमुदताई पाहुण्यांना गच्चीवर आणून मला दाखवायच्या.

मग गेल्या उन्हाळ्यात दिनानाथांना कपॅसिटर फुगलेला, म्हणजे निकामी होत आलेला दिसला. देवेशच्या ओळी आहेतच, म्हणून त्यांनी तो काढून टाकला. त्याच आठवड्यात देवेश लॅपटॉप घेऊन माझा प्रोग्रॅम आटोपशीर करायला आला. काकांचा कपॅसिटर आहेच, म्हणून त्याने ओळी पुसल्या. केवढा हा विश्वास! विचारून खात्री करणं दोघांनाही अपमानाचं वाटलं असतं.

मला उचकी लागली ती तेव्हापासून. पंप चालू, बंद, चालू, बंद. तिसऱ्या दिवशी तो तापून बसला आणि साऱ्या इमारतीच्या बादल्या जिन्यात आल्या. दिनानाथ येऊन म्हणाले, तारा ठणठणीत हायत, बिघाड लिहिण्यात हाय. देवेश येऊन म्हणाला, प्रोग्रॅम क्लीन आहे, इश्यू बोर्डात आहे. दोघेही वेगवेगळ्या वेळी खाली कुमुदताईंकडे चहा पिऊन गेले. रविवारी मला भंगारात द्यायचं ठरलं.

शनिवारी मात्र कुमुदताईंनी दोघांना एकदमच गच्चीवर उभं केलं.

"एवढंच सांगा, गोळा नाचतो तेव्हा थांबायचं, हे याला सांगतं कोण?"

"हा पोरगा," दिनानाथ म्हणाले.

"काका," देवेश म्हणाला.

दोघांची बोटं एकमेकांकडे, आणि मग दोघांच्याही माना खाली.

"आमी येकमेकांच्या भरवशावर याला उघडा टाकला, ताई," दिनानाथ हळूच म्हणाले.

त्यानंतर अर्धा तास "काका, तुम्हीच लावा" आणि "नाय, तूच लिव" असा मानपान चालला. शेवटी कुमुदताई म्हणाल्या, "दोघंही करा. आणि कोणी काय केलंय ते झाकणाच्या आत लिहून ठेवा."

रविवारी भंगारवाला आला आणि रिकामाच परत गेला.

मित्रांनो, आमचं दुखणं कधी तारेत असतं, कधी लिखाणात, तर कधी दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेलं असतं. आम्हाला फेकण्याआधी आमच्या दोन्ही डॉक्टरांना एकदमच बोलवा. आणि चहा गच्चीवरच द्या. खाली दिलात तर ते वेगवेगळे येतात.