सुझुनोच्या आईचा चेंडू

युकिएला नागाओका शहरात कुणी युकिए म्हणून हाक मारली असेल तर शपथ! लेक सुझुनो बालवाडीत गेली त्या दिवसापासून ती 'सुझुनोची आई'. इथे सगळ्या आया अशाच, पोराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. मग गेल्या शरदात, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला, सहावीत असताना, सुझुनो तापाने गेली. आणि लोक हिला 'तोकिताबाई' म्हणायला लागले. चक्क आडनावाने! भाजीवालीसुद्धा. माणसं चांगली हो, हिला दुखवायला नको म्हणूनच करत होती. पण पोरीबरोबर हिचं आईपणही जाळून आल्यासारखी वागत होती, त्याचं काय?

रेनची आई तेवढी चिवट. आयांच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान ती. दारात येऊन म्हणाली, "अगं, मंगळवारी सराव आहे. चेंडू विकत घे आणि ये."

"मला कुठे खेळता येतं?"

"आम्हाला तरी कुठे येतं! ओरडता येतं, तेवढं पुरतं."

सुझुनोच्या नावाने हाक मात्र तिनेही मारली नाही. नुसतं 'अगं'.

स्टेशनमागच्या खेळाच्या दुकानात युकिएचा हात पहिल्यांदा गेला तो हलक्या चेंडूवर. सुझुनोचा असाच एक घरी कोपऱ्यात पडला होता.

"तो नको, ताई," दुकानदार म्हणाला. बिचारा परगावचा, त्याला काही ठाऊक नव्हतं. "प्राथमिकच्या पोरांचा आहे. आणि तो चकचकीत तर मुळीच नको, दगड आहे नुसता! दोन दिवसांत हात काळेनिळे होतील. नवख्या माणसाने अंगठ्यांनी दाबून बघावं. जरा आत जायला हवा, आणि हातातून सटकायला नको."

तिने एकेक दाबून पाहिला. एक पांढरा चेंडू तळहातात अलगद बसला.

"झकास निवडलात! हवा मात्र बेताची भरा. मुलगी आहे का घरी?"

"आहे," ती बोलून गेली.

"कितवीत?"

"एप्रिलमध्ये, नवं वर्ष सुरू झालं की... माध्यमिकला."

"मग तर सोन्याहून पिवळं! माध्यमिकचा आणि आयांचा चेंडू मापाने, वजनाने सारखाच. रंग तेवढा वेगळा. एकात दोघींचं भागेल बघा!"

युकिएने चेंडू पुन्हा दाबून पाहिला. सुझुनो वर्षभर मागे लागली होती, आई, खरा चेंडू घे ना. आणि ही म्हणाली होती, माध्यमिकला गेलीस की घेऊ, घाई काय आहे?

दुकानदाराने मार्कर पुढे केला. "नाव घालून न्या. तिथे सगळेच पांढरे, कुणाचा कोण नेतं कळत नाही."

बूट, छत्री, डबा, पेन्सिली, सगळ्यांवर हिनेच तर नाव घातलं होतं इतकी वर्षं. हात आपसूक चालला.

"सुझुनो," दुकानदाराने वाचलं आणि हसला. "अहो, खेळणार तुम्ही आणि नाव लेकीचं?"

तिने चेंडूकडे पाहिलं. "लेक नाही आता. वारली."

हे तिने आजवर तोंडाने उच्चारलं नव्हतं. दुकानदाराचा चेहरा पडला. "माफ करा, ताई. हा राहू द्या, दुसरा देतो..."

"नको. मार्कर द्या." आणि तिने पुढे लिहिलं, 'ची आई'.

मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये तिने चेंडू पिशवीतून काढला. तो या हातातून त्या हातात गेला. जिने वाचलं तिने तो घाईने पुढे सरकवला. मघाशी नवऱ्यांची टिंगल चालली होती, ती तिथेच थांबली. युकिएला वाटलं, चुकलंच आपलं. उचलावा आणि घरी जावं.

चेंडू रेनच्या आईकडे पोचला. तिने नाव वाचलं, बाहीने डोळे पुसले, जाळीपलीकडे जाऊन चेंडू उंच उडवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "सुझुनोची आई! तुझा!"

"हो!" युकिए ओरडली. दोन्ही हात पुढे गेले. चेंडू मनगटांवर आपटून भलतीकडेच उडाला, पण तिने पाहिलाच नाही. ती मटकन खाली बसली आणि पाच महिने कोंडलेला हंबरडा त्या फरशीवर फुटला.