वळणावरचा खोकला

आपल्याला दोन मुली आहेत, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मोठी दोन सीटांची, लांब नाकाची, कापडी टपाची. धाकटी पाळण्यातली. मोठीला त्यांनी लग्नाच्याही आधी घरात आणलं होतं, त्यामुळे आई म्हणायची, "मी तर सवतीवरच आले."

बाबांना जाऊन अकरा महिने झाले आणि मोठी आता धाकटीच्या दारात असते. उभी मात्र नसते. शर्यतीची गाडी असली तरी ती रोज चालली पाहिजे, हे बाबांचं ब्रह्मवाक्य. उभ्या गाडीची रबरं वाळतात, ब्रेक धरून बसतात, टाकीला आतून गंज चढतो. म्हणून धाकटी रोज सकाळी बाळाला शेजारच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून टेकडीपलीकडे आईकडे सोडायची आणि तशीच पुढे चष्म्यांच्या कारखान्यात काचा घासायला जायची. शनिवारी बाळ झोपलं की दीड तास मोठीचा. प्लग काढून पुसायचे. चाकांच्या तारांवर टिचकी मारत फिरायचं, जी बद्द वाजेल ती आवळायची. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. सगळं बाबांच्या हाताखाली शिकलेलं. पेट्रोलसुद्धा त्यांच्यासारखंच, कायम अर्धी टाकी. "भरल्या पोटी कोण धावतं?" असं ते विचारायचे.

सगळं नीट होतं. फक्त वळणावर मोठी खोकायची.

टेकडीच्या चढाचं शेवटचं डावं वळण. तिथवर गाडी गुणी मुलीसारखी यायची, आणि बरोबर तिथेच तिचा दम तुटायचा. दोनदा खोकायची, मग रांगल्यासारखी सरकायची. रोज नाही, पण आठवड्यातून तीनचारदा. बाबा अशा वेळी घाबरायचे नाहीत. पायाने क्लच दाबून, हाताने डॅशबोर्ड थोपटून म्हणायचे, "चल गं ताई, थोडंच राहिलंय." एवढं म्हणून होईतो इंजिन पुन्हा धरायचं. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. टेकडीपलीकडे स्वयंपाकघरात आईला तो खोकला ऐकू यायचा. ऐकला की ती चहाचं आधण ठेवायची.

बाबा गेल्यावर धाकटी पहिल्यांदा एकटी त्या वळणावर आली तेव्हा गाडी खोकली. तिने तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला.

"चल गं ताई, थोडंच राहिलंय."

मोठ्याने नाही. चष्मा पुसता पुसता माणूस बोलतो, तसा. तिने वळून पाहिलं. रिकामी सीट, तिच्यावर आडवा पडलेला पट्टा. इंजिनाने धरलं, गाडी चढ चढून गेली, आणि धाकटीच्या अंगावरचा काटा आईच्या दारापर्यंत उतरला नाही.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी तिच्याकडे बाळंतिणीकडे बघतात तसं बघितलं असतं. पण हळूहळू ती त्या आवाजाची वाट बघू लागली. ज्या दिवशी मोठी खोकली नाही, तो दिवस अळणी जायचा. एकदा तर ती मुद्दाम परत फिरून तोच चढ पुन्हा चढली.

मग तो मंगळवार आला. बाळ सीटवर होतं आणि मागे वाळूचा ट्रक होता. गाडी खोकली आणि सरकेनाशी झाली. आरशात ट्रकचं तोंड मोठं मोठं होत गेलं, ब्रेकची किंकाळी उठली, आणि ट्रक वीतभर अंतरावर थांबला. चालक शिव्या द्यायच्या तयारीनेच उतरला होता.  बाळ दिसल्यावर तो एवढंच म्हणाला, "पोर आहे ना गाडीत, बाई."

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता बोलायची त्याची रीत, आणि त्या रीतीलाच ती जास्त भ्यायची.

"मी गाडी विक म्हणत नाही," तो म्हणाला. "पण रविवारपर्यंत तिचा खोकला गेला नाही, तर बाळ तिच्यात बसणार नाही. बाळ बसणार नसेल तर ती रोज चालणार नाही. आणि रोज चालली नाही तर काय होतं, ते तूच मला शिकवलंस."

यात बोट ठेवायला जागा नव्हती. खोकला गेला तर त्याच्याबरोबर आणखी काय जाईल, हे तिला त्याला सांगता येईना. रात्रभर ती बाळाच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिली.

शनिवारी ती मोठीला घेऊन बाबांच्या जुन्या मेकॅनिक दोस्ताकडे गेली. त्याला सगळा गाव 'कान' म्हणायचा. गाडी गल्लीत शिरली की आत बसल्या बसल्या तो तिचं दुखणं सांगायचा.

"या धाकट्या बाईसाहेब," तो पत्र्याच्या डब्यावरून उठत म्हणाला. "बाप गेला, म्हणून बापाच्या मित्रालाही विसरावं?"

"विसरले असते तर आले असते का, काका?" तिने बॉनेट उघडलं. "वळणावर खोकते. तुम्ही ऐका तरी."

"बॉनेट लाव. दुखणं तिथे नाही."

"मग?"

"मागे." तो टाकीवर बोटं वाजवत म्हणाला. "पेट्रोल किती भरतेस?"

"अर्धी टाकी. बाबा भरायचे तशी."

कान तार शोधायला वळला. "वाटलंच," म्हणाला.

त्याने टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, पेट्रोलच्या काट्याचं टाकीवरचं गोल झाकण उघडलं, आत वाकडी केलेली तार घातली आणि डोळे मिटून चाचपू लागला. मासा लागावा तशी तार जड झाली. त्याने सावकाश ओढली. टोकाला एक मोजा होता. लोकरीचा, विणलेला, अंगठ्याएवढ्या पावलाचा. कधीकाळी लाल असावा, आता चहाच्या डागासारखा झालेला.

"चढावर इंजिन जास्त ओढतं," कान म्हणाला. "टाकी अर्धी असली की हा ओढीबरोबर जाऊन नळीच्या तोंडाला चिकटतो. श्वास कोंडतो, इंजिन खोकतं. ओढ थांबली की सुटतो, गाडी चालू. काय समजलीस?"

"हा माझा आहे," धाकटी म्हणाली. तिला तो विणीवरून कळला. टाचेशी आईचा चुकलेला टाका होता.

"तुझाच. पाच वर्षांची होतीस. ताईला थंडी वाजते म्हणून तू तान्हेपणीचा मोजा टाकीत घातलास. दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर बंद पडली. बाप हैराण. मी याच भोकातून काढून दिला." तो हसला, पण हसू लवकर आटोपलं. "म्हणाला, परत टाक."

"परत?"

"मी म्हटलं, वेड लागलंय का. तर म्हणतो, वळणावर बंद पडली तेव्हा पोरीने तिला थोपटलं. चल गं ताई म्हणाली, थोडंच राहिलंय. आणि चालली की रे. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं. तू मोठी झालीस, शिकायला गेलीस, तरी काढू देईना. पूर्ण भरलीस तर खोकणार नाही, असंही सांगून पाहिलं. अर्धीच भरायचा."

धाकटी डब्यावर बसली. मोठीला ताई म्हणावं असं नातं त्या घरात तिचं एकटीचंच होतं. बाप लेकीला ताई का म्हणेल, हे तिने इतक्या वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. वाक्य तिचं होतं. बाबा नुसते ते जपून ठेवत होते, ती नसताना, रिकाम्या सीटशेजारी.

"मोजा तुझा, टाकी तुझी," कान झाकण हातात धरून म्हणाला. "बोल."

तिने मोजा पिळला. बोटांना पेट्रोलचा वास चिकटला. तिला बाळाचं पाऊल आठवलं, आणि आरशात मोठं होत आलेलं ट्रकचं तोंड.

"झाकण लावा, काका," ती म्हणाली.

रविवारी ती बाळाला घरी ठेवून एकटीच निघाली. पंपावरच्या माणसाने सवयीने विचारलं, "अर्धी?"

"पूर्ण."

त्याने वर पाहिलं आणि नळी टाकीत घातली.

चढ लागला. मोठी स्वच्छ सुरात ओढत होती. वळण आलं. खोकला आला नाही. शेजारी कुणी काही बोललं नाही. आणि तरी वळणाच्या ऐन मध्यावर गाडीचा वेग पडला.  धाकटीने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून वर उचलला गेला होता. तिने उचलला नव्हता. डावा हातही डॅशबोर्डपर्यंत पोचला होता.

गाडी मंदावत राहिली. सीटवरचा पट्टा हलला, किंवा वाऱ्याने हलवला. मागे रस्ता रिकामा होता. अजून थोडा वेळ थांबता आलं असतं.

तिने हात स्टिअरिंगवर आणला आणि पाय दाबला.

आईच्या दारात तिने गाडी बंद केली. आई बाहेर आली ती हातात रिकामं पातेलं घेऊन.

"आज आवाजच आला नाही गं," आई म्हणाली. "मला वाटलं, येत नाहीस."

"बरी झाली ती, आई. आता नाही खोकणार."

"अस्सं." आईने पातेल्यात पाहिलं. "पण वळणावर थबकली. खोकली नाही, नुसती थबकली. ते मात्र मी ऐकलं. म्हणून पातेलं घेऊन उभीच राहिले, आधण ठेवावं की नाही कळेना."

धाकटीने पर्समधून ओला मोजा काढला आणि आईच्या हातावर ठेवला. आई तो उलटसुलट करून बघत राहिली. तिचा अंगठा टाचेशी, चुकलेल्या टाक्यावर येऊन थांबला.

"उद्यापासून वळणावर हॉर्न देत जा," ती म्हणाली आणि आधण ठेवायला आत गेली.