जयंतीलाच रुसणारा टेम्पो

वर्षभर बिनतक्रार भाजी वाहणारा बाजीरावांचा टेम्पो नेमका भीमजयंतीलाच रुसायचा. गेल्या वर्षी मिरवणुकीत पुढे होता आणि शेळगावच्या चावडीसमोरच थांबला, तो पुन्हा सुरूच होईना. कट्ट्यावरून दत्तोबा ओरडला, "ढकला रं! तुमचा रथ ढकलल्याबगर कुठं हालतोय!" सगळा कट्टा हसला. बाजीराव मान खाली घालून टेम्पो ढकलत राहिले. ते हसू त्यांच्या लेकीला, प्रियदर्शनीला, अजून झोंबत होतं.

ती आता बारामती एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. सुट्टी काढून आली, तर टेम्पोचं पुन्हा तेच! चावी फिरवली की नुसतं 'टक'. मिरवणूक तर तोंडावर आलेली.

"स्टार्टर गेला," गावचा मेकॅनिक सोमनाथ म्हणाला. "धक्का मारू. चालू झाला की बंदच करायचा न्हाय."

"धक्का मारायचा न्हाय, काका!" ती उसळलीच. "हॉर्न खणखणीत हाय, लाईट मंद होत न्हाय. बॅटरी चांगली हाय. आन स्टार्टर दरसाल जयंतीलाच कसा जातो? त्याला कॅलेंडर कळतं व्हय?"

जयंतीला या टेम्पोचं वेगळं होतं तरी काय? रंग! बाजीराव दरवर्षी स्वतः तो निळा रंगवायचे, अगदी खालून, नट-बोल्ट खोलून. तिने बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाड वायर लावली. स्टार्टर गरगर फिरला. म्हणजे स्टार्टर चांगला होता, करंटची वाट कुठंतरी अडत होती. मग ती टेम्पोखाली शिरली. करंट बॅटरीकडे परत नेणारी इंजिनची अर्थिंगची पट्टी चासीवरच्या जाड रंगावर कसलेली होती. रंगातून करंट जाणार कसा? पुढे हादऱ्यांनी तिथला रंग झिजला की वर्षभर टेम्पो बिनतक्रार चालायचा.

"आप्पा, हितला रंग खरवडते."

"जयंतीचा रंग खरवडतीस?" बाजीराव दुखावले.

"बाकी समदा राहू द्या. हितं उघडं लोखंडच पायजे."

लोखंड चकाकेपर्यंत तिने घासलं, पट्टी घट्ट आवळली. टेम्पो एका सेल्फमध्ये सुरू झाला.

मिरवणूक चावडीसमोर आली. कट्ट्यावर दत्तोबा तयारच होता. प्रियदर्शनीने टेम्पो थांबवला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"पोरी, काय केलंस!" शेजारी बसलेल्या बाजीरावांना घाम फुटला.

"तात्या, बोला की," ती खिडकीतून दत्तोबाला म्हणाली. "गेल्या साली लई बोलत हुता."

त्याने तोंड उघडलं मात्र, तिने सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. दत्तोबाचं बोलणं त्या आवाजात बुडालं.

ती गिअर टाकणार, तेवढ्यात बाजीरावांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"थांब," ते म्हणाले. "आता सेल्फ मी मारतो."