मी जागची हलले नाही

मी एक ओळ बोलतेय. कवितेची नव्हे, तेवढं कुठलं माझं भाग्य! मी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली ओळ आहे, आणि तीही अशा प्रोग्रॅममधली, जो तुम्ही आयुष्यात कधी उघडून बघणार नाही. त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे प्रोग्रॅम डोळे चोळत असतात तेव्हा तो कामाला लागलेला असतो. कुणाला काय द्यायचं आणि कुणाला कुठे शिरू द्यायचं नाही, हे सगळं तोच ठरवतो.

माझं काम एका शब्दाचं आहे. थांब.

हा शब्द मी प्रोसेसरला ऐकवते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं शाळेत शिकवतात. शिकवोत बापडे. मी त्याच्याबरोबर दिवस काढलेत, मला विचाराल तर तो एक नंबरचा उतावळा आहे. दारावर टकटक झाली की कोण आहे ते विचारावं, उत्तर ऐकावं आणि मग कडी काढावी, एवढी साधी गोष्ट. पण याला तेवढा दम कुठला? हा विचारतो, आणि उत्तर यायच्या आत कडी काढून मोकळा! परका निघाला तर पटकन दार लावून घेतो आणि काही घडलंच नाही असं तोंड करतो. पण तेवढ्यात त्या परक्याने घरात नजर फिरवून घेतलेली असते, त्याचं काय?

म्हणून मला तपासणी आणि दार यांच्या मध्ये बसवलं. आधी तपासणी, मग मी, मग दार. तपासणीचं उत्तर येईपर्यंत मी त्याला पुढे पाऊल टाकू देत नाही.

मला लिहिलं ताईने. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणतात. मी पडद्यावर असते, त्यामुळे मला माणसांचे चेहरे अगदी जवळून दिसतात, आणि ताईचा चेहरा मला पाठ आहे. विचारात पडली की खालचा ओठ चावते. समोरचा चहा गार होऊ देते आणि मग चहावरच चिडते. मला लिहायच्या आधी तिने किती वेळा पुसलं असेल याचा हिशेब नाही. एका ओळीसाठी एवढं रडं कशाला, असं मलाच वाटायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. कर्नेलला कुणी आपल्या मनाने हात लावायचा नाही. काय बदलायचं ते आधी सगळ्यांना मेलने पाठवायचं. दोन जाणकारांनी ते वाचायचं, आणि पटलं तर खाली 'पाहिलं' असं लिहून आपलं नाव घालायचं. दोन नावं पडली की बदल आत.

माझ्या वेळी मात्र भांडण झालं. वेग मोजणारे एक साहेब होते, ते माझ्यावर तुटूनच पडले. "या एका ओळीपायी सगळं यंत्र रखडतंय," म्हणाले. "काढा हिला."

तेव्हा माझ्या मदतीला आले ते काका. काका इथले सगळ्यात जुने. काचेवर बोट टेकवून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत ओळ न् ओळ वाचणारे. त्यांच्या पडद्यावर कायम बोटांचे डाग. वाचून झाल्यावर ते ताईच्या टेबलाशी आले.

"ओळ बरोबर आहे गं. पण एवढी हट्टाला का पेटलीस? साहेबांशी तोंडाला तोंड देतेस म्हणजे काय!"

ताईने खालचा ओठ चावला. मग म्हणाली, "काका, माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून आलीय. पाठीवर वळ घेऊन आली. एका संस्थेने तिला लपवून ठेवलंय. तिचा पत्ता त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"बरं, मग?"

"तो कॉम्प्युटर त्यांचा एकट्यांचा नाही. भाड्याचा आहे. एकाच यंत्रात चार बिऱ्हाडं. शेजारची जागा कुणीही भाड्याने घ्यावी आणि भिंतीला कान लावून बसावं. आणि तिचा नवरा आपल्याच धंद्यातला आहे, काका. तिला शोधतोय. त्याला हे सगळं कळतं."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझी ओळ राहणार," ते म्हणाले. "बघतोच मी कोण काढतं ते."

त्या दिवशी मला कळलं, मी कुणासाठी जागी आहे. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. किती यंत्रांत गेले, किती दारांपुढे उभी राहिले! प्रोसेसर रोज कुरकुर करायचा आणि मी रोज त्याला दटावायची. धाकटीला मी कधी पाहिलं नाही. पण ती माझीच कुणीतरी लागते, असं मी धरून चालले.

आणि मग आला टापटीप. नाव नाही हो, सगळे त्याला तसं म्हणतात. मनाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त पसारा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. त्याने पाहिलं की माझ्या वरची तपासणी इतरही ठिकाणी तशीच्या तशी लिहिली आहे. "एकच गोष्ट परत परत कशाला?" म्हणून त्याने ती सगळीकडून उचलली, एका जागी नीट ठेवली आणि जिथे जिथे हवी तिथे तिला हाक मारायची सोय केली. काम स्वच्छ होतं, नावं ठेवायला जागा नाही. फक्त माझ्याकडे ती हाक माझ्या खाली आली.

लक्षात येतंय ना? आता आधी मी, मग तपासणी, मग दार. मी थांब म्हणते तेव्हा अजून कुणी काही विचारलेलंच नसतं. आणि विचारल्यावर त्या उतावळ्याला अडवायला मध्ये कुणी नाही. मी जागची तसूभरही हलले नाही, आणि माझा पहारा मात्र उठला.

टापटीपने बदल मेलने पाठवला. काढलेल्या ओळी लाल दिसतात, नव्या हिरव्या. ज्या बदलल्या नाहीत त्या करड्या. मी करडी. करड्या ओळीकडे कोण बघतो?

काकांचं बोट लाल ओळीवरून गेलं, हिरव्या ओळीवरून गेलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. काका हसले. "आहेस ना गं तू? मग झालं. ओळ ताईची आहे, बाकीचं ती डोळ्यांत तेल घालून बघेलच." त्यांनी 'पाहिलं' लिहिलं आणि नाव घातलं.

ताई रजेवरून आली. धाकटीला नव्या खोलीवर हलवून आली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने मेल उघडला आणि खालचं नाव पाहिलं. "काकांनी पाहिलंय? मग मी काय त्यांच्यावर वरताण करणार!" तिनेही नाव घातलं. तिने उघडलं तसं मला वाटलं होतं, आता बघेल. बघितलंच नाही हो तिने! एकाने दुसरीवर सोडलं, दुसरीने पहिल्यावर, आणि बदल आत गेला. चाचण्याही झाल्या. सगळ्या पास. तपासणी होतेय का, हे चाचणीला कळतं. प्रोसेसरने त्याआधीच कडी काढली होती का, हे तिला कोण सांगणार?

नवा कर्नेल यंत्रायंत्रांत गेला. त्या संस्थेच्या भाड्याच्या यंत्रातही गेला. मी तिथेही आहे. शेजारची जागा परवापर्यंत रिकामी होती, आता कुणीतरी घेतली आहे. कोण ते मला ठाऊक नाही. सारखा तेच दार वाजवतो, नकार ऐकतो, आणि पुन्हा वाजवतो.

आत्ता संध्याकाळी ताईचा फोन वाजला. पलीकडे धाकटी. ताईने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"ताई, नव्या खोलीचा पत्ता संस्थेवाल्यांनी लिहून घेतला गं. कॉम्प्युटरमध्येच घातला. चालेल ना? मला धाकधूक होतेय."

"थांब हं. बघून सांगते."

ताईने माझं नाव टाइप करून मला शोधलं. मी पिवळी होऊन उजळले. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

"आहे गं. जागच्या जागी आहे. तू पडदे लाव, जेव आणि स्वस्थ झोप."

धाकटी हसल्याचं ऐकू आलं. ताईचा हात पडद्यावरची माझी खिडकी बंद करायला निघालाय.

ताई, सापडले म्हणून सोडू नकोस गं मला. मी आहे का, एवढंच सगळे बघतात. तू तरी बंद करायच्या आधी माझ्या वरची ओळ वाच. तिथे तपासणी नाहीये.