बाईच्या मापाचा सदरा

भागिरथा शिवणाच्या शिबिराला निघाली तेव्हा इंझोरीत कोणाला खरं वाटेना. चाळिशीला टेकलेली बाई, दोन लेकी नांदायला गेलेल्या, हाताला विळ्याशिवाय आणि कापसाच्या पऱ्हाटीवरच्या बोंडांशिवाय कशाची सवय नाही. ती कामरगावला बारा दिवस राहून मशिनीवर बसणार! पण साल पंच्याहत्तरचं होतं, महिला वर्ष होतं, आणि गावोगावच्या बायांना शिवण आणि कपड्याची नवी बेतणी शिकवायची म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या शाळेत शिबिर भरणार होतं.

"तुले काय येते व शिवाले?" नवरा भिवाजी म्हणाला.

"येत नाई म्हनूनच तं जाऊन राह्यली," असं म्हणून तिनं वळकटी बांधली.

शिकवायला गोमतीबाई होत्या. अकोल्याच्या, गळ्यात कायम टेप, बोलणं नेमकं. आठ दिवस त्यांनी बायांकडून सरळ शिलाई आणि कागदावरची कापणी घोटून घेतली. नवव्या दिवशी म्हणाल्या, "आता प्रत्येकीनं आपल्या कल्पनेतलं एक वस्त्र शिवायचं. शेवटच्या दिवशी प्रदर्शन, आणि पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्र. ते दाखवलं की सवलतीत मशीन मिळेल."

कोणी झालरीचा फ्रॉक सांगितला, कोणी झबलं, कोणी फुग्याच्या बाह्यांचं पोलकं. भागिरथाची पाळी आली.

"वावरात घालाचा सदरा. बाईच्या मापाचा."

वर्गात खसखस पिकली. भागिरथा बसली नाही. "हसा, पन आयका. ऊन लागते, बोंडं टोचतात, म्हनून लुगड्यावर आमी घरधन्याचा जुना सदरा घालतो. खांदा कोपरावर लोंबते, छातीवर बटनं तुटतात, बाह्या फांद्यायत अटकतात. जलमभर बाप्याचं उतरलेलंच घालाचं का, बाई? एक तरी माह्या मापाचा असू द्या."

गोमतीबाईंना पटलं नाही. "कल्पनेतलं म्हणजे डोळ्यांना गोड वाटेल असं काही. कापड इंझोरीच्या माणिकरावांनी दिलंय, चांगलं फुलाफुलांचं. त्याचे काय शेतातले सदरे करायचे?"

"मंग राहू द्या तुमचं कापड," भागिरथा म्हणाली. अंथरुणासाठी आणलेली जाड पट्ट्यापट्ट्यांची चादर तिनं वळकटीतून ओढून काढली आणि टेबलावर पसरली. उरलेले दिवस ती नुसत्या फरशीवर निजली.

शेजारच्या मशिनीवर बदरुन्निसा होती, कारंज्याची. सासरे गुलाम नबी यांचं शिलाईचं दुकान होतं. ही पडद्याआड बसून काजं-बटणं करायची. कात्री तिच्या हाती कोणी देत नव्हतं, पण पडद्याच्या फटीतून बघून बघून तिला सगळी कापणी पाठ झाली होती.

"बगलेचा मुंढा ऐसा सरळ नको काटू," ती दुपारी हळूच म्हणाली. "गोल घे. मंग हात वर केला तरी सदरा वर नाई चढत." तिनं खडूनं रेघ मारून दिली. मग विचारलं, "खिसे?"

"दोन. मनगटापर्यंत हात जाईन एवढे."

"क्या रखेगी?"

"तंबाकूची डबी. कंगवा. डोकं दुखलं तं गोळी. कमरेले खोसलेलं सारं वाकलं की पडते."

बदरुन्निसा हसली, मग तिनं आपल्या कुडत्यावरून हात फिरवला. "मेरे एकाही कपड्याले खिसा नाई," ती म्हणाली. खिसे तिनंच कापले. कापताना दोनदा दाराकडे बघितलं, तिथं सासरे उभे असावेत तसं.

प्रदर्शनाच्या सकाळी वर्गात दोरी बांधून सगळे कपडे टांगले होते. सदरा नव्हता. गोमतीबाईंनी तो घडी करून कपाटात ठेवून दिला होता. भागिरथानं कपाट उघडलं, सदरा लुगड्यावर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पाहुणे म्हणजे माणिकराव. इंझोरीच्या शिवारातली अर्धीअधिक वावरं त्यांची, भागिरथा त्यांच्याच कापसावर वेचणीला जायची. फ्रॉक-झबली बघत ते तिच्यापाशी आले आणि थबकले.

"हे काय सोंग व, भागिरथे? अन् एवढाले खिसे कायले? माहा कापूस घरी न्याले?"

सगळे हसले. भागिरथानं दोन्ही हात खिशांत घातले.

"तुमच्या सदऱ्याले तीन खिसे हायत, माणिकराव," ती म्हणाली. "तुमाले कोनी इचारलं का, कोनाचं चोरून न्याले लावले म्हनून?"

हसू जागच्या जागी विरलं. माणिकराव वळून खुर्चीवर जाऊन बसले. गोमतीबाई लगबगीनं कात्री घेऊन आल्या. "खिसे तेवढे उसवून टाका हो, भागिरथाबाई. मी घालते त्यांची समजूत. नाहीतर प्रमाणपत्र जाईल, आणि मशीनही."

मशीन. बारा दिवस भागिरथाच्या पायांत तिची लय बसली होती. गिरणीजवळच्या आपल्या खोपटात ती कुठं ठेवायची हेसुद्धा तिनं मनात ठरवलं होतं. तिनं कात्री घेतली, खिशाच्या टाक्यावर नजर टाकली आणि कात्री परत दिली.

"हे उसवलं तं मी चोर हाय हे मीच कबूल केल्यासारखं होते, बाई. नोको तुमचं प्रमाणपत्र."

तेवढ्यात मागून बदरुन्निसा उठली. यादीत तिचं नाव पहिलं होतं. "खिसे मैंने काटे," ती म्हणाली. "तिचं नाव काटत असान तं माझंबी काटा."

त्या दिवशी टेबलावर प्रमाणपत्राचे दोन कागद तसेच पडून राहिले.

मशीन मिळाली नाही. भागिरथानं सुईनं शिवायला घेतलं. गावातल्या बाया आधी गंमत बघायला आल्या, मग जुनी चादर, फाटकं धोतर, मिळेल ते घेऊन आल्या. महिन्याभरानं कारंज्याहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती एक पुडकं आलं. बदरुन्निसानं वर्तमानपत्राच्या कागदातून सदऱ्याच्या मापाचे बेत कापून धाडले होते, लहान, मधला आणि मोठा, मुंढ्याची गोलाई बरोब्बर. सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, असा तिचा निरोप होता, पण कात्री आता पडद्याआतही असते. दसऱ्यापर्यंत इंझोरीत अकरा सदरे झाले.

वेचणीच्या पहिल्या दिवशी अकराजणी ते घालून माणिकरावांच्या वावरावर गेल्या. मुकादम जगदेव आडवा आला. "मालकानं सांगतलं हाय, खिशेवाले सदरे काढाचे अन् मंगच वावरात उतराचं."

भागिरथा वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, बसली. अकराजणींतली रंगूबाई तिच्याशेजारी बसली, मग एकेक करत सगळ्या. गावात दुसऱ्या वेचणाऱ्या होत्या, पण त्या दिवशी त्या दुसऱ्यांच्या कापसावर गेलेल्या. ऊन चढलं, वारा सुटला, फुटलेल्या बोंडांतला कापूस सुटून मातीवर पडू लागला. जगदेवनं माणूस धाडला. थोड्या वेळानं माणिकराव फटफटीवर आले.

"उठा, लागा कामाले," ते वावराकडे बघत म्हणाले.

"खिशासंग?" भागिरथानं विचारलं.

"लागा म्हनलं ना."

"अन् चोर म्हनलं, त्याचं काय?"

माणिकरावांनी फटफटीला लाथ मारली आणि आल्या वाटेनं निघून गेले. तो शब्द त्यांनी परत घेतला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीच नाही.

"चाला व बाई," जगदेव अजिजीनं म्हणाला, "कापूस मातीत जाऊन राह्यला."

भागिरथा बसूनच होती. "सांजच्याले आमच्या खिशाईची झडती घेनार नाई, असं बोल पयले."

जगदेवनं वाटेवरच्या धुळीकडे बघितलं. "नाई घेत."

"मोठ्यानं बोल. साऱ्याईले आयकू जाऊ दे."

"नाई घेत झडती!" जगदेव ओरडला. तेव्हा कुठं अकराजणी उठल्या, लुगडी झटकली आणि एकेक ओळ धरून पऱ्हाटीत शिरल्या.