वैतरणेपर्यंत

जरा डोळे मिटून बघा. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि बोईसर स्टेशनच्या फलाटावर गवताच्या एका मोठ्या गासडीला टेकून बसला आहात. सकाळचे आठ वाजले आहेत. मांडीवर वाळक्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं आहे, त्याच्या तोंडाला पानांचा बोळा. एका बाजूला आई. तिच्या गळ्याभोवती लाल फडकं गुंडाळलेलं आहे आणि फडक्याखाली लिंबाएवढी गाठ आहे. दुसऱ्या बाजूला बाप. मुंबईची गाडी यायला अजून वेळ आहे, आणि मुंबईत उतरायचं कुठं यावरून तुमचा बाप एका माणसाशी भांडतो आहे.

दिसलं सगळं? मग आता डोळे उघडा. ती मुलगी म्हणजे सोमी. साल एकोणीसशे पासष्ट. सालवडच्या पलीकडच्या पाड्यावरून ती तिघं पहाटेच चालत निघाली होती.

"तुमी मदी पडू नका नागोराव," सोमीचा बाप जिवल्या म्हणत होता. "देवू माझा चुलत भाव हाय. जोगेश्वरीला तबेल्यात त्यानं कोपरा झाडून ठेवलाय. आपल्याच डोंगराचं गवत हाय तिथं. ही गासडी बघा, हीबी तिकडंच जाणार. त्याच्यावर निजू आमी. परक्या बाईच्या ओसरीला कशाला?"

"गवत आपलं हाय रे," नागोराव म्हणाले, "पण दवाखाना परळला हाय, तिथं नाय ना. डॉक्टरनं चिठ्ठीत काय लिहिलंय? महिनाभर रोज सकाळी गाठीला मशीनचा शेक. आठाच्या आत नंबर लागला पायजे. जोगेश्वरीवरून नवसीबाईला रोज आणणार कशी?"

"आणू. गाडी हाय ना."

"गाडीला पाय लागतात, जिवल्या. चढायला, उतरायला, पूल ओलांडायला. तिच्या अंगात हाय का तेवढं?"

नवसीनं, म्हणजे सोमीच्या आईनं, खाली बघितलं. गाठ वाढल्यापासून ती फारसं बोलत नसे. पेजसुद्धा दोन बोटांनी गळा धरून गिळायची.

"नाय गेलो तर पाड्यात काय बोलतील?" जिवल्या हटायला तयार नव्हता. "जिवल्या मुंबईत जाऊन शेठ झाला, भावाच्या दारात पाय नाय ठेवला, असं बोलतील. देवू पुन्ना तोंड नाय बघायचा माजं."

नागोराव बोईसर स्टेशनचे पाणीवाले होते. गाडी थांबली की बादली आणि ओगराळं घेऊन डब्याडब्यापाशी धावायचं आणि खिडकीतून पुढे आलेल्या तांब्यात, लोट्यात, ओंजळीत पाणी ओतायचं, एवढंच त्यांचं काम. तरुणपणी जालन्याकडून आले आणि इथेच राहिले. त्यांच्या खाकी सदऱ्याची उजवी बाही कायम ओली असायची.

पण बोईसर, पालघर, शिरगाव, कुठूनही कुणाला मुंबईला जायचं असलं की लोक आधी नागोरावांना गाठत. उतरायला जागा कुठली घ्यावी हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची ख्याती होती. कोर्टाचं काम असेल तर कुठल्या गल्लीतल्या धर्मशाळेत जायचं, बाळंतीण सोबत असेल तर कुठल्या चाळीत मुळीच जायचं नाही, कुठं पाणी वर चढत नाही, कुठं दारूचा गुत्ता आहे, सगळं तोंडपाठ. तारापूरला वीजघराच्या कामावर आलेले लांबलांबचे लोकसुद्धा सुट्टीला निघताना त्यांना विचारून जायचे. सोमीनंही गेला पाऊण तास त्यांच्या तोंडून परळच्या गोजराबाईंचं घर ऐकलं होतं. इस्पितळाच्या मागची गल्ली, हिरवं दार, डब्यात लावलेली तुळस, दारातल्या पायरीचा तुटका कोपरा. आता तिला ते घर आपलं आजोळ असल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात मुंबईकडून येणारी गाडी धुराचा लोट सोडत फलाटाला लागली. नागोराव बादली उचलून धावले. सोमीही मागोमाग गेली.

एका डब्यातून साखरबाई उतरल्या. तारापूरच्या वीजघरातल्या एका कामगाराची बायको. सासूच्या डोळ्यांचं काम करून आल्या होत्या. नागोरावांनी सासूबाईंच्या तांब्यात पाणी ओतलं आणि लगेच विचारलं, "गोजराबाईकडं नळ किती वाजता येतो आता?"

"साडेचारला. पावणेसहाला जातो. म्हातारी हंडा भरायला उठवते, पांघरूण ओढूनच."

"अजून खेकसते?"

"खेकसते आणि मग चहा देते."

"दादरहून बसला किती वेळ लागला?"

"अहो, बस आली की थोडाच. यायलाच जो काय वेळ. ट्राम होती तेच बरं होतं."

"आणि दादरच्या पुलाला पायऱ्या किती? मोजल्यात का?"

साखरबाईंनी कपाळाला हात लावला. "दर वेळी काय हो हे तुमचं? डोक्यावर बोचकं, मागं सासू, पायऱ्या कोण मोजत बसतं! चढतो आणि उतरतो."

सासूबाई म्हणाल्या, "पन्नास असतील बघा. माझ्या गुडघ्यांना विचारा."

नागोराव हसले आणि पुढच्या डब्याकडे गेले. तिथेही एका उतारूला त्यांनी काही विचारलं. सोमीला लांबून फक्त त्या माणसाची नकारार्थी हललेली मान दिसली.

गाडी डहाणूकडे निघून गेली. नागोराव बादली हलवत परत आले. सोमीच्या मनात एक साधा प्रश्न आला. तुमच्याही मनात आलाच असता. तिनं विचारला.

"काका, तुमी मुंबईला जाता तवा कुटं उतरता? गोजराबाईकडंच?"

नागोरावांनी बादली खाली ठेवली.

"मी?" ते म्हणाले. "मी नाय गेलो मुंबईला."

"कदीच?"

"वैतरणेपर्यंत गेलोय. पुढं नाय."

सोमी बघतच राहिली. हिरवं दार, डब्यातली तुळस, पायरीचा तुटका कोपरा, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ते दाखवणाऱ्या माणसानं त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं! तिला वाटलं, आपल्या पायाखालचा फलाटच कुणीतरी काढून घेतला. आईनंही मान वर केली होती.

जिवल्याची विडी ओठापर्यंत जाऊन तिथंच थांबली. मग तो ताडकन उठला.

"म्हंजे तुमी बघितलंच नाय? अख्ख्या मुलखाला सांगता आन् स्वोता बघितलं नाय? माजी बायको मरायला टेकलीय नागोराव! आन् तुमी मला भावाचं घर सोडून न बघितलेल्या दारात पाठवता?"

"हो," नागोराव म्हणाले.

"हो काय? लाज नाय वाटत?"

नागोराव गासडीवर बसले. बोईसरच्या फलाटावर त्यांना बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. ते बसलेले बघूनच जिवल्याचा आवाज खाली आला.

"तू आता जे बोललास ना, भाव असताना परक्याच्या ओसरीला कशाला," नागोराव म्हणाले, "ते मीच बोललो होतो. इथंच. आठ वर्षं झाली. माझी बायको रखमा, तिच्या पोटात दुखायचं. तिला परळलाच रोज यायला सांगितलं होतं. मला रजा नव्हती. मी तिला तिच्या भावासंगं धाडलं. तेव्हा एक बाई बोलली होती, परळात खोली बघा. मी म्हटलं, छे! पुंजाराम माझा चुलत भाव, मालाडला राहतो. त्याच्याकडं नाय गेलो तर गावात तोंड काय दाखवू?"

जिवल्यानं विडी खाली टाकून पायानं विझवली.

"पुंजारामनं लई केलं. त्याला बोल नाय. स्वोता बाहेर निजला, हिला खोली दिली. पण रोजचं जाणं-येणं होतं ना. नवव्या दिवशी दादरचा पूल चढताना ती मधल्या पायरीवर बसली. पाणी मागितलं. तांब्या होता, पण मालाडवरून येईपर्यंत संपला होता. तिचा भाव खाली नळाकडं पळाला. नळाला रांग होती. भरून वर आला तर..." त्यांनी ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "मी त्या दिवशी ड्युटीवर होतो. सगळ्या गाड्यांना पाणी दिलं."

फलाटावर एक कावळा बादलीच्या काठावर येऊन बसला होता. त्याला कुणी हाकललं नाही.  लाखो लोकांना पाणी पाजणाऱ्याची बायको, आणि तिला... पुढचं सोमीला मनातसुद्धा म्हणवेना.

"तार दुसऱ्या दिवशी आली. तब्येत गंभीर, एवढंच होतं तारेत. मी गाडीत बसलो. वैतरणेला गाडी थांबली, समोर मुंबईहून आलेली गाडी उभी. तिच्या खिडकीत रखमाचा भाव. हातात तिचा तांब्या. तो काय बोलला मला ऐकू नाय आलं. मी उतरलो आणि त्याच्या गाडीत बसून माघारी आलो. तिथून पुढं जाऊन काय करायचं होतं? सगळं उरकलं होतं."

"म्हनून ते पायऱ्या विचारता?" सोमीनं हळूच विचारलं.

"तिचा भाव म्हणाला, मधल्या पायरीवर बसली. पण मधली म्हंजे कितवी, ते त्यानं काय मोजलं नव्हतं." नागोराव उठले. "तेव्हापासून जो परत येईल त्याला विचारतो. नळ कवा येतो, दवाखाना किती पावलांवर, दारात पायऱ्या किती, बाईमाणसाला कोण त्रास देतं का. खोटं सांगणारा दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळतो. मी बघितलं नाय, जिवल्या. पण आठ वर्षांत गोजराबाईकडं धाडलेलं एक माणूस वाटेत बसलेलं नाय."

सिग्नल पडला. लांबून शिट्टी ऐकू आली.

नागोरावांनी सोमीजवळचा भोपळा घेतला, त्यातलं पाणी ओतून दिलं आणि ताजं पाणी गळ्यापर्यंत भरलं. पानांचा बोळा घट्ट बसवला. "हे रिकामं होऊ द्यायचं नाय, पोरी." मग खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी ती नवसीच्या हातात दिली. "शिरगावची सुकी मासळी हाय, करंदी. गोजराबाईला आवडते. जायचं असलं तर द्या. नाय तर देवूला द्या. तोबी आपलाच."

तिघं गाडीत बसली. पालघर गेलं, केळवा रोड, सफाळा गेलं. खाडीवरचा लांबलचक पूल आला, आणि मग वैतरणा. सोमीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समोरच्या फलाटावर एक शेळी बांधलेली होती आणि एक म्हातारा विडी ओढत होता. एवढंच. इथेच त्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. सोमी त्या रिकाम्या रुळांकडे गाडी सुटेपर्यंत बघत राहिली.

बोरिवली आली. जोगेश्वरीसाठी इथं उतरून दुसरी गाडी धरायची होती. जिवल्या उठला. त्यानं गाठोडं खांद्यावर घेतलं, दारापर्यंत गेला आणि मागं वळला.

नवसी जागेवरून उठली नव्हती. तिनं करंदीची पुडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"चल की," जिवल्या म्हणाला.

नवसीनं दोन बोटांनी गळा धरला, घोट गिळताना धरायची तसा. खूप कष्टानं, खरखरीत आवाजात ती एकच शब्द बोलली.

"परळ."

जिवल्या दारात उभा होता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरे भाई, उतरना है तो उतरो!" तो उतरला नाही. परत येऊन बाकावर बसला आणि गाठोडं पायांपाशी ठेवलं. गाडी हलली तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "देवूला काय सांगू मी?"



दादरला ते उतरले. पूल समोरच होता. जिवल्यानं नवसीचा दंड धरला. सोमी भोपळा छातीशी घेऊन मागून निघाली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हाच तिनं मनात म्हटलं, एक.

आई दर तीन-चार पायऱ्यांवर थांबत होती. ती थांबली की सोमीही थांबे आणि आकडा ओठांवर धरून ठेवी. माणसं दोन्ही बाजूंनी अंगावरून जात होती. बावीस. तेवीस. आईनं कठडा धरला, डोळे मिटले. जिवल्यानं सोमीकडे पाहिलं. सोमीनं बोळा काढून भोपळा आईच्या तोंडाला लावला. आई दोन घोट प्यायली. मग पुन्हा चोवीस.

वर पोचले तेव्हा आकडा झाला होता अडतीस.

आई कठड्याला टेकून उभी राहिली, धापा टाकत, पण उभी. सोमी तिसरीत शिकत होती. अडतीसचे अर्धे करायला तिला बोटंही लागली नाहीत.

"कुटं चाललीस?" जिवल्या ओरडला. "सोमी! गर्दीत चुकशील!"

सोमी उलटी खाली उतरत होती. वर येणाऱ्या माणसांच्या मधून, कोपरं खात, मोठ्यानं मोजत. एकोणीस पायऱ्या उतरून ती थांबली. दगडाची एक साधी पायरी होती ती, मधोमध झिजलेली. सोमी बाजूला सरकली, कठड्याला लागून बसली. तिनं भोपळ्याचा बोळा काढला, ओंजळीत ओततात तसं भांडं हळूच कलतं केलं आणि बोईसरचं पाणी त्या पायरीवर ओतलं.